तेल निथळेपर्यंत

शोरूमच्या माणसानं किल्लीसाठी हात पुढे केला, तरी भीमराजनं ती लगेच दिली नाही. आधी बनियनच्या कडेला पुसली, तळहातावर एकदा उलटीपालटी केली आणि पाहुण्याच्या मांडीवर तान्हं मूल द्यावं तशी अलगद दिली.

"दुसरा गिअर जरा रुसतो," तो म्हणाला. "दमानं टाकायचा."

"टाकतो ना काका."

"आणि खालच्या नटाचा वॉशर..."

"पप्पा, सोडा आता," सनी हसत म्हणाला. "रोज ढिगानं गाड्या करतात ते. आपलीच काय नवलाची आहे?"

सनी म्हणजे भीमराजचा थोरला. पिंपळे सौदागरला सोसायटीत राहायचा आणि रविवारी पुनावळ्याला आईबापाकडे यायचा. मागच्या महिन्यात भीमराजची कंबर धरली, बिछान्यातून उठवेना, तेव्हाच त्यानं ठरवलं होतं की आता ह्या वयात गाडीखाली शिरणं बंद. बापाला न विचारता त्यानं शोरूममध्ये वर्षाची सर्व्हिसिंग बुक करून टाकली आणि वाढदिवसाची भेट म्हणून सांगितली. भेटीला नाही कसं म्हणायचं? भीमराजनं मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, ते सनीला कळलं नाही.

निळी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. कस्तुरा पिठाच्या हातांनी दारात उभी होती. गाडी दिसेनाशी झाली तरी ती आत गेली नाही.

"मम्मी, तू कामून तोंड पाडलंस?" सनीनं चिडवलं. "गाडी माहेरी चालली का काय?"

"तव्यावर भाकर आहे," असं म्हणून ती आत वळली. तवा अजून चुलीवर चढलाच नव्हता.

तिचं दुःख गाडीचं नव्हतंच. तिच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती सांगायची जागा आत्ताच कुणीतरी चालवत घेऊन गेलं होतं.

भीमराज चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. सगळं आयुष्य तीन शिफ्टमध्ये वाटलेलं. घरी आला की डोळ्यांत झोप आणि कानांत प्रेसचा दणका. काही सांगितलं तर "हं", विचारलं तर "बघू". पण सहा महिन्यांतून एखादा रविवार असा यायचा, की तो भंगारातल्या लोखंडाचे स्वतः वेल्ड केलेले दोन चढाव अंगणात मांडायचा, गाडीची पुढची चाकं त्यावर चढवायचा, गोणपाट अंथरून खाली शिरायचा आणि इंजिनचं जुनं तेल घमेल्यात सोडायचा. कस्तुरा चाकाशेजारी स्टुलावर बसायची. पाना दे, फडकं दे, एवढंच तिचं काम. तेल निथळायला वेळ लागायचा आणि शेवटचा थेंब पडल्याशिवाय उठायचं नाही हा त्याचा नेम होता. तेवढ्या वेळात हा माणूस कुठंही जाऊ शकत नसे.

मग ती बोलायची. तिला त्याचा चेहरा दिसायचा नाही, त्याला तिचा. तिच्या समोर असायचे फक्त त्याचे दोन पाय, आणि ते तिला पाठ होते. घोट्यावर घोटा चढला म्हणजे विचार चाललाय. पाय सरळ झाले म्हणजे राग आला. आणि अंगठा हलला की काम झालं. लेकीचं, साक्षीचं लग्न असंच ठरलं. सनीनं कंपनी बदलली तीही अशीच. सासूबाईंना जिंतूरहून इकडे आणायचं, हे तर फिल्टर घट्ट करता करता ठरलं होतं.

या वेळची गोष्ट मात्र जड होती.

दिवाळीपासून कस्तुरा गाडी शिकत होती. भीमराजची पहिली शिफ्ट असली, की कंपनीची बस चौकातून सुटल्यावर ती पदर खोचून ताथवड्याला जायची. तिथं पिंकी मॅडम फक्त बायकांना शिकवायच्या. परीक्षा झाली, पास झाली, आणि मागच्या आठवड्यात पोस्टमननं लायसन आणून दिलं. ते तिनं साडीच्या घडीत ठेवलं होतं आणि दिवसातून चार वेळा ती साडी उगीच सारखी करत होती.

शिकली त्याचं भय नव्हतं. बाहेर शिकली, त्याचं होतं. गाडी नवी होती तेव्हा भीमराजनंच तिला एकदा मोकळ्या रस्त्यावर नेलं होतं. गाडी बंद पडली, पुन्हा पडली, आणि तो असा ओरडला की रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली. कस्तुरा खाली उतरली आणि चालत निघाली. घरापर्यंत ती पुढं आणि तिच्या मागं गाडी, हॉर्न न वाजवता, पहिल्या गिअरमध्ये. त्या दिवसापासून "शिकवा" असं ती म्हणाली नाही आणि "चल" असं तो म्हणाला नाही. ज्या माणसानं गाडीच्या एका नटाला परक्याचा पाना लागू दिला नाही, त्याला सांगायचं कसं, की तुम्हाला सोडून मी परक्याकडं गेले?

दुपारी सनीच्या मोबाइलवर शोरूमचा व्हिडिओ आला. गाडी उंच धरलेली, खाली चकचकीत फरशी. एक पोरगं तेलाची काडी पांढऱ्या कागदावर पुसून दाखवत होतं. बघा सर, नवीन ऑइल. भीमराजनं चष्मा लावला आणि व्हिडिओ परत परत पाहिला.

"हात स्वच्छ आहेत त्याचे," शेवटी तो म्हणाला. "नीट केलंय पोरानं."

"बघा! मग?" सनी खूश झाला.

"बसून बघायला खुर्ची पण आहे म्हणे तिथं."

"कॉफी पण देतात पप्पा. मशिनची."

"हं," भीमराज म्हणाला.

संध्याकाळी गाडी आली ती न्हाऊनमाखून, अत्तर लावून. पायाखाली कागद, आरशाला पुढच्या तारखेची चिठ्ठी. कस्तुरानं ती चिठ्ठी दोनदा वाचली. पुढच्या वेळी तरी गाडी घरी राहणार होती का?

तिनं इतर वाटा करून पाहिल्या. जेवताना ती म्हणाली, "अहो, ऐकलं का..."

"हं?"

त्यानं मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं.

"काही नाही. भाजी घ्या."

रात्री दिवा मालवल्यावर बोलावं, तर तोंड उघडेपर्यंत तो घोरायला लागलेला. मग ती भांडी घासताना गुणगुणत राहायची. तिच्या आईची ओवी होती ती, जात्यावरची. *भरली गं कणगी, तोंड कुणी सोडावं...* एवढं म्हणायची आणि थांबायची. हात चालायचे, ओवी मात्र तिथंच अडायची. गुरुवारी भीमराज उंबऱ्यात बसून बूट घालत होता. ओवी थांबली तसा तोही एक बूट हातात धरून थांबला. पुढची ओळ आली नाही. बसचा हॉर्न वाजला आणि तो निघून गेला.

रविवारी सकाळी कस्तुरा लोखंड घासल्याच्या आवाजानं बाहेर आली. अंगणात दोन्ही चढाव मांडलेले होते. गाडी चढावावर होती आणि भीमराज गोणपाट झटकत होता.

"अहो, हे काय? आठच दिवस झाले की!"

"शोरूमवाल्यांचं काही खरं नाही. तेल बदललंय का नुसतं दाखवलंय, कुणास ठाऊक. आवाज येतोय."

"कसला आवाज? गाडी तर जागची हललीच नाही."

"तोच तर प्रश्न आहे," भीमराज गंभीरपणे म्हणाला. "स्टूल आण."

"आणि कंबर तुमची?"

"कंबर माझी आहे ना? मग मी बघतो तिचं काय ते. सनीला फोन करशील तर बघ."

तो कण्हत खाली शिरला. कस्तुरानं स्टूल आणलं. मोठा पाना तिनं न मागताच पुढं केला, त्यानंही न बघता घेतला. नट सैल झाल्याची किरकिर झाली, मग घमेल्यात धार पडल्याचा आवाज. ती समोरच्या दोन पायांकडे बघत बसली. टाचांना भेगा पडल्या होत्या. गल्लीत कुणाच्या तरी घरी फोडणी बसत होती.

मग गाडीखालून आवाज आला.

"पुढं काय?"

"काय पुढं काय?"

"आठवडा झाला, एकच ओळ म्हणतीस. कणगी भरली, बरं. पुढं?"

कस्तुरानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी गाडी शिकले," ती म्हणाली.

खाली काहीच हललं नाही.

"ताथवड्याला. तुमची पहिली शिफ्ट असली की जायची. लायसन पण आलंय. पोरांना नाही सांगितलं. तुम्हाला आधी सांगायचं होतं."

पाय सरळ झाले. आता उठेल, तिला वाटलं. धार बारीक होत होती, तिला ऐकू येत होती. धारेचे थेंब झाले. थेंबाथेंबात अंतर पडत गेलं.

"कोण शिकवतं तिथं?"

"पिंकी मॅडम."

"चढावावर गाडी थांबली तर?"

"हँडब्रेक लावायचा. क्लच हळूहळू सोडायचा, गाडी थरथरली की मग हँडब्रेक काढायचा."

"हं. गाडी बंद पडायची का?"

"लई वेळा."

"मग ओरडायची का ती?"

कस्तुरानं पायांकडं पाहिलं. "न्हाई," ती हळूच म्हणाली. "एकदाबी नाही."

घोट्यावर घोटा चढला. बसला तो बसलाच. थेंबांचा आवाज कधीच थांबला होता, तरी माणूस खालीच होता. कस्तुरा उठली नाही. गल्लीतून दूधवाला गेला, भंगारवाला ओरडत गेला, कुणाच्या तरी गच्चीवर गादी बडवली गेली. आणि मग, अगदी सावकाश, उजव्या पायाचा अंगठा हलला.

"फडकं दे," भीमराज म्हणाला.

नट परत आवळून तो बाहेर आला तेव्हा कपाळावर तेलाचा एक ठिपका होता. तिच्याकडं न बघता त्यानं हात पुसले आणि वाकून घमेलं ओढलं.

एवढ्या वर्षांत कस्तुरानं या घमेल्यात जुनं तेल किती वेळा पाहिलं होतं. काजळासारखं काळं, बोट बुडवलं तर नख दिसणार नाही असं. आज घमेलं उन्हात आलं आणि ती बघतच राहिली. आत मध भरला होता. कोवळा, पिवळाधमक, पार घमेल्याचा तळ दिसावा असा. त्यात आभाळाचा तुकडा पडला होता आणि दोघांची डोकी.

"बघितलंस?" भीमराज घसा खाकरून म्हणाला. "म्हटलं नव्हतं मी? बदललंच नव्हतं त्यांनी. कसं काळंकुट्ट झालंय."

कस्तुरानं घमेल्यात पाहिलं, मग त्याच्या कपाळावरच्या ठिपक्याकडं.

"व्हय," ती म्हणाली. "काळंकुट्टच आहे."

"बरं झालं काढलं ते."

"बरंच झालं. नवा डबा कुठाय?"

भीमराजनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. डबा कुठंच नव्हता, कारण तो आणलाच नव्हता.

"हेच गाळून घालू," तो म्हणाला. "गाळलं की होतं चांगलं."

मग काढलं कशाला, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आतून मलमलचं फडकं आणलं आणि नरसाळ्याच्या तोंडावर ताणून धरलं. तो घमेलं कलतं करून ओतू लागला. सोन्याच्या तारेसारखी धार फडक्यावर उतरत होती.

"हळू," ती म्हणाली.

"मला शिकवू नको."

"मी कुठं शिकवते? आमच्या मॅडमकडं पाठवीन फार तर. ओरडत नाहीत त्या."

भीमराज हसला तसं घमेलं हललं आणि तेल तिच्या मनगटावर सांडलं. दोघंही हसायला लागले. मग त्यानं गाडी मागं घेऊन चढावावरून उतरवली, तेलाची काडी काढून पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली. इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट लावलं आणि पुढून वळसा घालून डाव्या दारापाशी गेला. दार उघडून आत बसला. त्या बाजूचा पट्टा त्याला लवकर सापडेना. सापडला, तो कुठं अडकवायचा ते कळेना.

कस्तुरा साडीला हात पुसत अंगणात उभी होती.

"तेल फिरायला पाहिजे आता," आतून तो समोर बघतच म्हणाला. "नुसती उभी किती वेळ ठेवणार?"

ती आली. सीट पुढं ओढली, आरसा आपल्याकडं वळवला. दुसरा गिअर तिनं दमानं टाकला, तरी तो थोडा कुरकुरलाच. भीमराजनं खिडकीवरची मूठ गच्च धरली होती. तोंड त्याहून गच्च मिटलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या कौशल्याबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या होत्या. गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली आणि बंद पडली. त्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, मग खिडकीतून आत डोकावल्या.

"जयभीम भीमराजभाऊ! आज तुम्ही ह्या बाजूला? निघाली कुठं स्वारी?"

भीमराजचा जबडा हलला. कस्तुराला तो न बघताही दिसला. तिचा हात किल्लीवरच होता.

"मला काय माहीत बाई," भीमराज म्हणाला. "ड्रायव्हरला विचारा."

कुठं जायचं ते कस्तुरानंही अजून ठरवलं नव्हतं. तिनं किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, आणि तिनं उजवीकडचा इंडिकेटर दिला.