नाकावर दोन पोती वाळू

इंजिन गाडीत बसेपर्यंत इंजिन नसतं, नुसतं लोखंड असतं. गुणवंत हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याची नजर गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या स्वतःच्या लोखंडाकडे जायची.

शारजाच्या औद्योगिक भागातलं ते गॅरेज मुश्ताकचं. मालक पेशावरचा, इंजिनं बांधणारा गुणवंत कोल्हापूरचा. ताडपत्रीखाली होतं ते अमेरिकन आठ सिलिंडरचं धूड, चारशे चोपन्न घनइंची. आपल्याकडच्या नऊ छोट्या मारुत्यांची इंजिनं एकत्र वितळवावीत तेव्हा कुठे एवढं होईल. एका चेपलेल्या पिकअपमधून ते भंगारात आलं होतं. गुणवंतनं ते खोललं, घासलं, सिलिंडर आतून बोअर करून घेतले, एकेक बेअरिंग तान्ह्या पोरासारखं हातात धरून बसवलं. गिऱ्हाइकाची कामं करून उरलेल्या वेळात, दोन वर्षं. दुबईत कोणी ना कोणी जुनी अमेरिकन गाडी घेऊन येईल, तिच्यात हे बसेल आणि ते पळताना आपण ऐकू, एवढीच त्याची इच्छा.

आणि मग दोन हजार आठ उजाडलं आणि मंदी आणून मावळलं. ज्यांनी कर्जावर आभाळ विकत घेतलं होतं ते गाड्या विमानतळावर टाकून पसार झाले. शिव्या खायला राहिले कोण, तर ज्यांनी काही विकलंही नव्हतं आणि घेतलंही नव्हतं ते. मजुरांच्या कॅम्पात पगाराची वाट बघणारे. मुश्ताकसारखे, ज्यांची गिऱ्हाइकं एका रात्रीत पळाली ते. दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मुश्ताकनं सांगून टाकलं, "रमजानच्या आधी गॅरेज खलास, गुणवंत भाई. लायसन्स रिन्यू नहीं होगा. तुम्हारा टिकट मैं दूँगा."

टिकट मिळालं. इंजिन कोल्हापूरला कसं नेणार?

त्याच आठवड्यात ट्रकवर लादून एक गाडी आली. एकोणीसशे एकोणसत्तरची अमेरिकन कॅमारो. रंग उडालेला, पण पत्रा कुठे सडलेला नाही. लांब नाक, आखूड शेपूट. आत मूळचं इंजिन होतं, दमेकरी, पण चालू. गुणवंत गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि लगेच दुसरी मारायला निघाला. देव एवढा वेळेवर येत नसतो.

गाडीमागोमाग ट्रकमधून उतरली ती अनुपमा. पस्तिशीची, सुती कुडता, पायात साध्या चपला.

"हिला इंजिन बांधून हवंय," ती मराठीतच म्हणाली. मेकॅनिक मराठी आहे हे मुश्ताकनं तिला आधी सांगितलं असावं. "साडेतीनशे घनइंची."

"साडेतीनशे?" गुणवंतला कोणी कानाखाली मारल्यासारखं झालं. "मॅडम, या गाडीत चारशे चोपन्न बसतंय. हे बघा, तयार हाय." त्यानं ताडपत्री ओढली.

तिनं इंजिन बघितलं. वरवर नाही, वाकून बघितलं. बोल्टवर बोट फिरवलं. "सुंदर बांधलंय," ती म्हणाली. "पण मला साडेतीनशेच हवं."

"आवो, असल्या गाड्या माणूस घेतंय कशाला? सिग्नल हिरवा झाला की पुढच्या सिग्नलला पयलं आपण पाहिजे म्हणून."

"मला सिग्नलला नाही जायचं. खोर फक्कानला जायचंय. डोंगरातून."

"मग बसनं जावा की!"

मुश्ताकनं कपाळावर हात मारला. शेवटचं गिऱ्हाईक आणि हा बाबा त्याला बस दाखवतोय! पण अनुपमा हसली.

"बसनंच मोठी झाले, भाऊ. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर. कणकवली डेपो. आयुष्यभर फोंडा घाट."

"फोंडा?" गुणवंतचा आवाज उतरला. "म्हंजे आमच्या राधानगरीवरनंच की."

"तिथूनच. बाबा म्हणायचे, सपाटीवर प्रत्येक गाडी थापा मारते. घाटात खरं बोलते."

ती कोण ते मुश्ताकनं नंतर चहा पिताना सांगितलं. तेजीच्या दिवसांत ती एका बिल्डरकडे सेल्सला होती, पायासुद्धा न खणलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकायची. कंपनी बुडाली तेव्हा मोठे साहेब गायब. हिला पळायला कोणी अडवलं नव्हतं. पण ही ऑफिसात बसून राहिली. एसी बंद, टेलिफोन बंद. एकेका गिऱ्हाइकाला बोलावून तोंडावर सांगायची, इमारत होणार नाही, तुम्ही अमुक ठिकाणी तक्रार करा, मी साक्षीला येते. लोकांनी तिच्या अंगावर फायली फेकल्या, आईवरून शिव्या घातल्या. ती शेवटचा माणूस जाईपर्यंत उठली नाही. आता उम्म अल कुवैनला एका शीतगृहात नोकरी करते. कमावलेलं सगळं गेलं, ही गाडी तेवढी ठेवली.

"मर्द है," मुश्ताक म्हणाला.

"बाईच हाय," गुणवंत म्हणाला. "मर्द इमानात बसून गेले."

तरीही त्याचा हट्ट सुटेना. ती परत आली तेव्हा त्यानं पुन्हा तेच काढलं. शेवटी तिनं विचारलं, "तुमचं मोठं इंजिन साडेतीनशेपेक्षा जड किती?"

"साठ-सत्तर किलो. त्यात काय, एक माणूस जास्त."

"मग तो माणूस गाडीच्या नाकावर बसवून बघू. मूळचं इंजिन साडेतीनशेच्याच वजनाचं आहे ना? वरून तेवढी वाळू टाका. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते."

गुणवंतनं उभ्या जन्मात अशी परीक्षा ऐकली नव्हती. हे आपल्याला का सुचलं नाही, याचा त्याला रागही आला आणि गंमतही वाटली. अर्ध्यावर सोडलेल्या एका इमारतीसमोर वाळूचा ढीग पडला होता, आता त्याला कोणी विचारत नव्हतं. तिथली वाळू तांदळाच्या दोन पोत्यांत भरली. शुक्रवारी सकाळी डोंगराच्या पायथ्याला पोचल्यावर बॉनेट काढून मागच्या सीटवर आडवं टाकलं आणि पोती रेडिएटरच्या पट्टीवर दोरीनं आवळली.

"पोलिसानं धरलं तर?" गुणवंत म्हणाला.

"सांगू, वाळवंटात वाळू विकायला निघालोय. मी याहून वाईट विकलंय."

चढाचा सरळ रस्ता होता तोवर गुणवंत खुशीत. मग पहिलं वळण आलं. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, पण गाडीनं ऐकल्यावर जरा विचार केला आणि मग वळली. दुसऱ्या वळणाला नाक बाहेरच सरकत राहिलं. उतारावर तिसरं आलं तेव्हा पुढची चाकं कण्हायला लागली, कडेचा दगडी कठडा खिडकीकडे चालून आला आणि गुणवंतनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून ब्रेक मारला. अनुपमानं डॅशबोर्डवर हात टेकला होता.

तिनंच उतरून दोऱ्या सोडल्या. पोती मागे टाकली नाहीत, रस्त्याकडेला रिकामी केली. मग त्याच वळणांवरून परत. दमेकरी इंजिन, जुने टायर, तरी गाडी हात लावाल तिकडे जात होती. गाडीत काही चूक नव्हती. चूक होती ती फक्त वाळूची.

खाली आल्यावर दोघं झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिले.

"गुणवंतभाऊ," ती म्हणाली, "मुश्ताकभाईंनी मला तुमचं सांगितलंय. रमजानआधी तुम्ही जाणार, आणि ते इंजिन इथेच राहणार. आता तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते बसवू. मोठं म्हणालात तर मी घाटात हळू चालवीन. शब्द आहे माझा."

असं बोलणारं गिऱ्हाईक गुणवंतला कधी भेटलं नव्हतं. हो म्हणायचं, बस. दोन वर्षांचं लोखंड गाडीत जाईल, पळेल. त्यानं बॉनेटच्या रिकाम्या जागेत बघितलं. तिथे ते धूड किती शोभून दिसेल हे त्याला दिसत होतं. आणि कठडाही दिसत होता. ही बाई शब्द पाळणार, तिनं फायली अंगावर झेललेल्या. पण ओझं आपण घालायचं आणि जन्मभर जपून चालवायचं तिनं?

"ल्हान," तो म्हणाला. "ताई, साडेतीनशे. पण असं बांधतो की फोंड्याच्या वळणाला तुमचे बाबा उतरून सलाम करतील."

"आणि ते मोठं?"

तो मागच्या सीटवरचं बॉनेट उचलायला वळला.

साडेतीनशेचं बांधून झालं, बसवून झालं. गाडी न्यायला अनुपमा शुक्रवारी दुपारी आली, तेव्हा तिच्यासोबत शीतगृहातला एक जुना मोठा रेडिएटर आणि पेट्रोलचा कॅन होता.

"गाडीत नाही तर नाही," ती म्हणाली. "स्टँडवर तर वाजेल ना? मला ऐकायचंय."

मुश्ताकनं पाण्याचा पाइप आणला. गुणवंतनं लोखंडी स्टँडचे पाय काँक्रीटला बोल्टनं आवळले, वायरी जोडल्या, तेल भरलं. एक पाना दोनदा हातातून पडला. पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा कार्बोरेटरमधून ज्वाळा आली आणि मुश्ताक "या अल्ला" म्हणत मागे उडाला. तिसऱ्यांदा ते लागलं.

पत्र्याचं शेड थरथरलं. शेल्फवरचे नट नाचायला लागले. गल्लीतल्या बंद शटरांच्या आडून माणसं बाहेर आली. मल्याळी, पठाण, बंगाली, कित्येक दिवसांत काम न मिळालेली, दारात गर्दी करून बघायला लागली. कोणी मोबाइल वर धरला. गुणवंत थ्रॉटल धरून उभा होता, डोळे मिटून.

अनुपमा जवळ आली आणि ओरडून काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही. ती पुन्हा ओरडली, "आता लोखंड म्हणायचं नाही याला!"

गुणवंतनं मान हलवली आणि अजून थोडा थ्रॉटल दिला.