तारा धाकटीचा, दगड थोरलीचा

जावाजावा आणि उभा दावा, हे कुणाला नव्याने सांगायला नको. पण या दोघींना एकाच वेधशाळेत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत बसवण्याची बुद्धी ज्याला सुचली, त्याला कोपरापासून नमस्कार.

थोरलीकडे लघुग्रह होते, धाकटीकडे तारे. लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या आड आला की त्याची सावली जमिनीवरून एका पट्ट्यात धावत जाते, आणि त्या पट्ट्यात दुर्बीण लावून बसलेल्याला तारा काही क्षण विझलेला दिसतो. कुणाला किती वेळ विझलेला दिसला यावरून लघुग्रहाचा आकार कळतो. पट्ट्याबाहेर बसलात तर बसा जांभया देत. पट्टा काढायला ताऱ्याची जागा पक्की हवी आणि लघुग्रहाचीही. तो चुकला की थोरली म्हणे, तारा चुकला. धाकटी म्हणे, दगड चुकला. लघुग्रहाला दगड म्हणायची सवय तिने थोरलीला झोंबावं म्हणूनच लावून घेतली होती.

वैराचं मूळ एका जेवणात होतं. धाकटी निवड परीक्षेत पहिली आली, नोकरीला लागली, आणि त्याच आठवड्यात थोरलीने वाढता वाढता सगळ्यांदेखत सांगितलं, "मी शब्द टाकला म्हणून घेतलं हो हिला." धाकटीच्या नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. सासरे म्हणाले, घरातलं माणूस घरातच राहिलं, बरं झालं. त्या दिवसापासून थोरली 'ताई'ची 'मॅडम' झाली आणि बोलणं ई-मेलपुरतं उरलं. धाकटीला आता एकच हवं होतं, सगळ्यांसमोर एकदा तरी आपल्या हिमतीवर बरोबर ठरायचं.

संधी चालून आली. थोरलीचा सगळ्यांत लाडका लघुग्रह, ज्याच्यामागे तिने उमेदीची वर्षं घातली होती, तो एका ठळक ताऱ्याच्या आड जाणार होता. असा योग तिच्या नोकरीत पुन्हा येणार नव्हता. थोरलीने जुन्या तारकासूचीवरून पट्टा काढला, तो डोंगरापलीकडून, उत्तरेकडून गेला. तेवढ्यात अवकाशातल्या दुर्बिणीने मोजलेली नवी सूची हाती आली. धाकटीने ताऱ्याची जागा तिच्यातून घेतली, लघुग्रहाची कक्षा थोरलीच्या संगणकावरून जशीच्या तशी उचलली, आणि पट्टा सरकून नदीच्या दक्षिणेला आला.

"जुनी सूची आता रद्दीत घालायला हरकत नाही," ती बैठकीत थोरलीकडे न बघता म्हणाली.

संचालकांनी थोरलीला विचारलं, "तुमचं काय मत?"

"तारे तिचे," थोरली म्हणाली. "त्यातलं तिला कळतं."

म्हातारीने नांगी टाकली, असं धाकटीला वाटलं. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता आणि तिने तो लपवलाही नाही. सगळ्या दुर्बिणी, सगळे कॅमेरे दक्षिणेला गेले.

ठरल्या दिवशी अंधार पडला तशी ती नदीकाठी पडद्यासमोर बसली. वेळ आली. तारा ढिम्म हलला नाही. वेळ गेली, तरी तो तसाच, डोळे वटारून बघत राहिला. बाकीची मंडळी तारा गुंडाळायला लागली, विजेच्या. कुणी तिच्याकडे बघेना.

सकाळी डोंगरापलीकडच्या एका हौशी निरीक्षकाचा फोन आला. त्याने गच्चीवरून सहज दुर्बिणीला डोळा लावला होता आणि तारा विझलेला पाहिला होता. घड्याळ नव्हतं, कॅमेरा नव्हता. आकार काढायला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. जुनी सूची म्हणजे जराशी सरकलेली मोजपट्टी. तारा आणि दगड दोन्ही त्याच पट्टीने मोजले की चूक दोन्हीकडे सारखी येते आणि वजाबाकीत उडून जाते. थोरलीने दगडाच्या जागा आयुष्यभर जुन्या सूचीतल्या ताऱ्यांवरून मोजल्या होत्या. धाकटीने तारा तेवढा नव्या पट्टीने मोजला आणि चूक सगळी अंगावर घेतली. दगडही नव्याने मोजायला हवा होता. समोरच्या खोलीत जाऊन एक प्रश्न विचारला असता तरी भागलं असतं.

ती गेली. आत्ता गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

थोरली चष्मा पुसत होती. "बैठकीतच कळलं. पट्टा कुठे गेला ते बघूनच."

"तुमचाच दगड होता, मॅडम. तुमची इतकी वर्षं."

"होती ना." थोरलीचे डोळे लाल होते. रात्रभर झोप नसावी, किंवा रडली असावी. "तुझं पडलेलं तोंड बघायला गेली. जा आता."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं धाकटीने ऐकली होती, अशी समोर बसलेली पाहिली नव्हती. तिला भीती वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, थोरलीच्या जागी आपणही गप्पच बसलो असतो, हे तिला स्वच्छ कळलं.

दुपारी बैठक बसली. धाकटी ठरवूनच आली होती, चूक कबूल करायची. निदान चूक तरी आपली स्वतःची असेल. पण तिने तोंड उघडायच्या आधी थोरली उठली.

"दोष माझा आहे," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या जागा जुन्या सूचीवरच्या आहेत, हे मी हिला सांगायला हवं होतं. पोरीला बोल लावू नका."

"नाही," धाकटी म्हणाली. "मी विचारलं नाही. चूक माझी आहे. आणि यांना माहीत होतं, या मुद्दाम गप्प बसल्या."

"राहू दे गं," थोरली म्हणाली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

खोलीत सगळ्यांचे चेहरे हळवे झाले. संचालकांना तर गहिवरून आलं.

"बघा," ते म्हणाले, "मोठ्या जावेने हिच्यासाठी पदर पसरला, आणि ही रागाच्या भरात काय बोलून गेली. आम्ही नाही मनावर घेत. तुम्ही आहात म्हणून ही इथे आहे, बाई."

थोरलीने हात काढला नाही.