मधला आवाज

हर्षाली पगारे गिटार चांगली वाजवायची आणि हे तिला स्वतःला ठाऊक होतं. आठवडाभर ती कानाच्या दवाखान्यात लोकांच्या श्रवणचाचण्या घ्यायची, कानाची मशीन लावून द्यायची, आणि सुट्टीच्या दिवशी आत्याच्या ग्रुपमध्ये वाजवायची. 'चंद्रभागा केदारे आणि संच' हे नाव नाशिकपासून मालेगावपर्यंत भीमगीतं ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. चंद्रभागाआत्या गायची. तिचा मुलगा दीपक कीबोर्ड वाजवायचा आणि कार्यक्रमही तोच ठरवायचा. ढोलकीवर नवनाथकाका.

हर्षालीचा जुना गिटार ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र आणि स्पीकर एकाच खोक्यात, इतका जड होता की तो गाडीत चढला की एका माणसाला एसटीने यावं लागायचं. बहुतेक वेळा तो माणूस दीपकच असायचा. म्हणून या दसऱ्याच्या आधी तिने प्रोसेसर घेतला. जेवणाच्या ताटाएवढी, पायाने दाबायच्या बटणांची पेटी. नावाजलेल्या ॲम्पचे आणि त्यांच्या स्पीकरचे आवाज तिच्यात डिजिटल पद्धतीने भरलेले होते. एका बाजूने गिटारची वायर घालायची, दुसऱ्या बाजूने आवाज थेट मिक्सरला द्यायचा. ॲम्प न्यायचाच नाही.

इंदिरानगरच्या घरी ती रोज संध्याकाळी हेडफोन लावून बसायची आणि आवाज तयार करायची. खाली भरपूर बेस, वर चकाकी, आवाजाला चांगली धार आणि मागे एखाद्या मोठ्या सभागृहासारखा घुमारा. एक तार छेडली तरी अंगावर काटा यायचा. असे आवाज तिने बटणा-बटणावर साठवून ठेवले आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला ती पेटी बगलेत मारून गेली.

कार्यक्रम नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका हॉलमध्ये होता. पहिल्याच गाण्यात तिने बटण दाबलं आणि स्पीकरमधून जे बाहेर आलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. खाली घरघर, वर गांधीलमाश्यांचा घोळका, आणि मध्ये जिथे सूर असायला हवा तिथे काहीच नाही. तिने आवाज वाढवला, तशी घरघरच वाढली. दुसऱ्या गाण्यात ती जोर लावून वाजवत राहिली. तिसऱ्यात आत्याने अंतरा चुकीच्या जागी उचलला. आत्या आणि चुकीची जागा! नवनाथकाकांनी ढोलकीवर एक आवर्तन वाढवून सांभाळून घेतलं. लोकांच्या लक्षात आलं नाही, पण स्टेजवर सगळ्यांच्या आलं.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना दीपक जवळ आला.

"हर्षाली, एक सांगू? दुसऱ्या गाण्यापासून तुझी गिटार बंदच होती."

"म्हणजे?"

"मिक्सरवाल्याने बंद केली. मीच खूण केली त्याला. कानाला त्रास होत होता गं. तुला कळलं पण नाही ना?"

तिला खरंच कळलं नव्हतं. तिचे कान तापले.

"आणि आईचं चुकलं ते त्या गोंगाटामुळेच," दीपक पुढे म्हणाला. "सुरगाण्याला संविधान दिनाचा कार्यक्रम आहे. तिथे गिटार नको. कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज आहेच, मी घेतो सांभाळून."

"गिटार बंद होती म्हणतोस आणि आत्याची चूक गिटारमुळे झाली असंही म्हणतोस. ती तिसऱ्या गाण्यात चुकली, दादा."

दीपक कीबोर्डचं कव्हर ओढत बसला.

घरी जाताना हर्षालीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला, आणि इंदिरानगर येईपर्यंत रागाचं कुतूहल झालं. हात नेहमीसारखेच चालले होते. गिटार तीच होती. बिघडला होता तो फक्त आवाज, आणि आवाज दुरुस्त करणं हे तर तिचं रोजचं काम होतं.

त्याच आठवड्यात दवाखान्यात बयाबाई आल्या. भाजी बाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या. हर्षालीनेच त्यांना कानाचं नवं मशीन लावून दिलं होतं. त्यांनी ते काढून टेबलावर ठेवलं.

"घरात झ्याक ऐकू येतं, बाई. नातू काय पुटपुटतो ते बी कळतं. पन बाजारात बसले की नुसता कालवा. गिऱ्हाईक मेथी मागतंय का भाव करतंय, कायबी समजत नाय."

"मशीन आपण या शांत खोलीत लावलं ना, मावशी," हर्षाली सवयीने म्हणाली. "आता बाजाराचा आवाज लावून परत बसवू."

तिने चाचणीच्या स्पीकरवर गर्दीचा आवाज मोठ्याने लावला आणि संगणकावर मशीनची सेटिंग उघडली. खालची घरघर उतरवली. वरची करकर थोडी कापली. माणसाचं बोलणं ज्या मधल्या पट्ट्यात असतं तो उचलला. मग त्याच गर्दीत, हळू आवाजात तिने विचारलं, "मावशी, मेथी कशी दिली?"

"तुला फुकट!" बयाबाई हसून म्हणाल्या.

त्या गेल्या आणि हर्षाली रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. तिने स्वतः नेमकं तेच केलं होतं. शांत खोलीत, हळू आवाजात, एकटीसाठी आवाज बसवला होता आणि तो घेऊन बाजारात गेली होती. आवाज हळू असला की कानाला खालचं आणि वरचं कमी ऐकू येतं, हे ती दर आठवड्याला कुणाला ना कुणाला समजावून सांगायची. म्हणूनच तर तिने घरी बेस आणि चकाकी चढवून ठेवली होती. हॉलमध्ये मोठा आवाज झाल्यावर ते दोन्ही उसळून वर आले आणि मधला सूर बुडाला.

तिने लगेच आत्याला फोन केला. "रविवारी समाजमंदिरात सगळे स्पीकर लावून तालीम घेऊया. कार्यक्रमात असतो तेवढ्या आवाजात. नंतर गिटार ठेवायची की नाही ते तू ठरव."

"मी दीपकला सांगते," आत्या म्हणाली. द्वारकेच्या कार्यक्रमापासून ती कुणाशीच फार बोलत नव्हती.

रविवारी हर्षाली सकाळीच समाजमंदिरात गेली. ग्रुपच्या जुन्या कार्यक्रमाचं एक रेकॉर्डिंग तिच्याकडे होतं, त्यात गिटार नव्हती. ते तिने मोठ्या स्पीकरवर पूर्ण आवाजात लावलं आणि त्याच्यासोबत वाजवत, थांबत, बटणं फिरवत बसली. साठवलेले सगळे आवाज तिने आधी पुसून टाकले. प्रोसेसरमधले स्पीकर एकेक करून बदलून पाहिले, कारण ॲम्प बदलण्यापेक्षा स्पीकर बदलला की आवाजाचा चेहरा जास्त बदलतो हे तिच्या लक्षात आलं होतं. खालचा भाग ढोलकीचा, म्हणून तिथून गिटार बाजूला घेतली. वरची चरचर कापली. धार निम्म्यावर आणली, घुमारा जवळजवळ काढूनच टाकला. मधला भाग मात्र थोडा थोडा वर चढवत नेला. सोलोच्या बटणावर तिने धार वाढवलीच नाही, फक्त आवाज किंचित वर घेतला.

दीपक आला तेव्हा ती रेकॉर्डिंग बंद करून एकटीच वाजवत होती. तो दारातच थांबला.

"हा तुझा चांगला आवाज? नाकात बोलल्यासारखा येतोय. आधीचा तरी भारदस्त होता."

"एकटा ऐकू नकोस. कीबोर्ड लाव आणि वाजव."

नवनाथकाकांनी ढोलकी चढवली, दीपकने सुरुवात केली आणि हर्षाली आत शिरली. मघाचा तो कोरडा, नाकातला आवाज ढोलकी आणि कीबोर्डच्या मधोमध जाऊन बसला. प्रत्येक सूर सुटा ऐकू येत होता. काका वाजवता वाजवताच मान डोलवायला लागले. दीपकने कीबोर्डचा आवाज आपणहून थोडा कमी केला.

आत्या माइकसमोर डोळे मिटून उभी होती. तिने मुखडा घेतला. मग अंतरा, जिथे ती द्वारकेला चुकली होती. या वेळी तिने अशी अचूक जागा पकडली की काकांच्या तोंडून "वा!" निघालं. दुसऱ्या गाण्यातही तेच, तिसऱ्यातही. हर्षाली वाजवता वाजवता आत्याकडे बघत होती. आत्या दर अंतऱ्याआधी गिटारचा आवाज येत होता त्या स्पीकरकडे मान वळवत होती.

चहाच्या वेळी हर्षाली तिच्याशेजारी बसली.

"आत्या, दादाचा कीबोर्ड नीट ऐकू येतो का तुला?"

आत्याने कप खाली ठेवला. "येतो. पण लांबून येतो. ते घुंगरासारखं वर वाजवतो ना तो, ते येतच नाही. वर्षभर झालं असेल." मग हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. गाणाऱ्या बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण बोलावेल?"

"आणि माझी गिटार आज ऐकू येते का?"

"तुझं स्पष्ट येतं. तुझा जुना ॲम्प शेजारी असायचा तेव्हाही यायचं. म्हणून तर गाता आलं."

सोमवारी हर्षालीने तिला दवाखान्यात नेलं आणि चाचणी घेतली. आलेख तिच्यासमोर धरला. "हे बघ. वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालंय. मधलं शाबूत आहे. तुझा गळा मधल्यात आहे, माझी गिटार मधल्यात आहे. मशीन लावून देईन, त्याची सवय व्हायला वेळ लागेल. पण गाणं थांबवायचं काही कारण नाही. आणि दादाला मी सांगणार आहे."

"सांग," आत्या म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि आलोच आहोत तर म्हणून दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उभी राहून वजन पाहिलं.

दीपकने सगळं ऐकून घेतलं. तो एवढंच म्हणाला, "गाडीत तुझी पेटी आधी ठेव, मग बाकीचं."

सुरगाण्याच्या पुढे एका गावात, शाळेच्या मैदानावर दुपारच्या कार्यक्रमाचा मांडव घातला होता. भात कापून झालेला, बांधाबांधावर पेंढा रचलेला. द्राक्षाच्या कामाला जाणारी माणसं अजून गावात होती, म्हणून मैदान भरलं होतं. कार्यक्रम भरवणारे झिपरू भोये सगळ्यांना हाताला धरून पुढे बसवत होते.

साउंडवाला गोटीराम वायरी बघत म्हणाला, "ताई, मिक्सरला सरळ वायर लावायची एकच जागा उरली. तिथं कीबोर्ड लावला. तुमची गिटार आमच्या बँडच्या ॲम्पात घालतो, त्याच्यापुढं माइक ठेवतो. चालंल ना?"

दीपकचा चेहरा पडला. हर्षाली म्हणाली, "उलट बरं झालं. तो ॲम्प आत्याच्या बाजूला ठेवा, तिच्याकडे तोंड करून."

वायर लावून तिने एक तार छेडली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबलेला. गोटीराम ॲम्पची बटणं पिरगाळायला लागला.

"राहू द्या, ते नाही," हर्षाली म्हणाली. ती खाली वाकली, प्रोसेसरमधला स्पीकर बंद केला, मग त्यातला ॲम्पही बंद केला, आणि पुन्हा तार छेडली. आवाज मोकळा झाला.

"काय केलं, ताई?"

"समोर खरा ॲम्प आहे, खरा स्पीकर आहे. आतला नकली त्याच्या जोडीला कशाला? गिटार थेट मिक्सरला दिली असती तर तो लागला असता."

मग तिने मैदान भरलेलं असतानाच, सगळ्यांसोबत एक कडवं वाजवून मधला भाग हलकासा वर घेतला आणि दीपकला मान हलवून सांगितलं, कर सुरू.

पहिल्या गाण्यापासून आत्याचा गळा लागला. तिसऱ्या गाण्यात बायका टाळ्या धरायला लागल्या. एका अंतऱ्यानंतर आत्याने ओळ अर्धी सोडली आणि हर्षालीकडे पाहिलं. तिथे नेहमी कीबोर्ड वाजायचा. दीपकने दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले. हर्षालीने उरलेली अर्धी ओळ गिटारवर म्हटली, आत्याने ती गळ्यात घेतली, परत दिली, आणि असं बराच वेळ चाललं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "लय भारी! आनखी एकदा!"

ठरलेली गाणी संपली तेव्हा आत्या माइकवरून बाजूला झाली आणि तिने एका गाण्याचं नाव घेतलं. तिच्या नवऱ्याने लिहिलेलं गाणं. दीपक दचकला. "आई, ते तू कधीपासून घेत नाहीस. तयारी नाही."

"त्याची सुरुवात ढोलकीविना, मोकळ्या गळ्याने आहे. मागचा सूर ऐकू यायचा नाही, म्हणून सोडलं होतं," आत्या म्हणाली. तिने हे सगळ्यांदेखत सांगितलं.

"पट्टी?" हर्षालीने विचारलं.

"काळी पाच असायची. आता खालची, काळी चार लाव."

हर्षालीने धार पूर्ण उतरवली आणि एक लांब, स्वच्छ सूर धरून ठेवला. आत्याने त्यावर गळा ठेवला. मैदान एकदम शांत झालं. नवनाथकाका ढोलकीवर हात ठेवून नुसते ऐकत होते, त्यांना आत शिरायचं भान पहिलं कडवं संपल्यावर आलं.

झिपरूभाऊंनी नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण खाऊ घातल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. उन्हं उतरायच्या आत घाट संपवायचा म्हणून गाडीत सामान चढवताना दीपक हर्षालीजवळ आला.

"माझ्या कीबोर्डचे आवाज बघशील का? आईला ऐकू येतील असे बसवायचेत."

"बघते की. रविवारी ये, मोठे स्पीकर घेऊन," हर्षाली म्हणाली. "आणि तो घुंगरांचा आवाज तुला कितीही आवडत असला, तरी तो आधी काढायचा."