नाव नसलेला मुक्काम

मेकाँग नदी मी पाहिलेली नाही. तिच्या अलीकडच्या रानातले ते बांबूचे बेटही नाही. मी विद्यापीठाच्या कचेरीत जन्मलेला एक फिकट पिवळा कागद. बोलतो आहे ते माझ्या पाठीवर जे लिहिले आणि पुसले गेले, तेवढ्यापुरतेच.

माझ्यावर पदवीच्या अटी छापल्या आहेत. विषय : मायभूमीपासून पांगलेल्या समाजांचा अभ्यास. दहा अभ्यासक्रम, दोन वर्षे पूर्वजांची भाषा, एक प्रबंध. आणि शेवटी, आपल्या कुटुंबाचा स्थलांतरमार्ग, प्रत्येक मुक्कामास लेखी आधारासह. प्रत्येक अटीपुढे चौकट. चौकटीत खूण झाली की माणसे ती अट विसरतात, हे मी पहिल्याच वर्षी पाहिले.

अमेरिकेत सेंट पॉलला राहणाऱ्या, मूळच्या लाओसच्या हमोंग समाजातल्या काझूआ वांगने मला चार वर्षे वहीत जपले. एका रविवारी तिने मला आजीसमोर पालथे ठेवले आणि पेन्सिलीने मुक्काम उतरवले : लाओसमधले जन्मगाव, बांबूचे बेट, नदीकाठ, थायलंडमधली छावणी, फ्रेस्नो, सेंट पॉल.

“बेटाचं नाव काय, आजी?”

“बांबूंना कुठलं आलंय नाव! तुझ्या बाईंना म्हणावं, स्वतः जाऊन विचारा.” मग हसू ओसरले. “लढाईतून पळताना तिथं अकरा दिवस लपलो होतो. सैनिक जवळ आले. तुझा धाकटा काका, तान्हा होता, रडत होता, म्हणून त्याला अफू चाटवली. निजला तो. तिथंच आहे.”

मार्गदर्शक लिंडक्विस्टबाईंनी बेटापुढे प्रश्नचिन्ह काढले. “कागद नसेल तर मुक्काम धरता येत नाही. मला वाईट वाटतं, पण अट मी केलेली नाही.”

काझूआने खोडरबर घेतले. चौकटीत खूण झाली.

जानेवारीत आजी गेली. हमोंग माणूस मेला की अंत्यविधीत त्याच्या जिवाला वाटाड्या गाऊन परत नेतो : राहिलेल्या प्रत्येक ठिकाणी थांबवत, जिथे त्याची जन्माची वार पुरली त्या घरापर्यंत.

“मुक्काम सांग, पोरी,” वाटाडे न्याचूकाका म्हणाले. “एकही गाळू नकोस. म्हातारी तिथंच अडून बसेल.”

रडून बधिर झालेल्या काझूआने विद्यापीठाला दिलेली टंकलेली यादीच त्यांच्या हाती ठेवली.

मी तिच्या पिशवीत होतो; ऐकले तेवढे सांगतो. सेंट पॉल, फ्रेस्नो, छावणी : दर ठिकाणी चिरलेल्या बांबूचे दोन तुकडे जमिनीवर पडत आणि आजीचा कौल मिळे. नदीकाठी मिळेना. एकदा, दोनदा, तीनदा.

“जिवंतपणी तरी कुठं ऐकायची ही!” काका म्हणाले. लोक हसले.

काझूआचा हात पिशवीत आला आणि माझी कड घट्ट धरून राहिला. सगळ्या वडीलधाऱ्यांदेखत गाळलेल्या मुक्कामाचे तिच्याने बोलवेना. चौथ्यांदा तुकडे पडले. काका क्षणभर थांबले आणि जन्मगावाचे नाव गाऊ लागले.

आठवड्याने तिने पुसलेली ओळ शाईने पुन्हा लिहिली आणि मला लिंडक्विस्टबाईंपुढे ठेवले.

“ही खूण खोडा.”

“अगं, मे महिन्यात पदवी आहे तुझी!”

“अडू दे पदवी. आजी अडली असेल तर?”

बाईंनी खूण खोडली. मे येऊन गेला. मी आता काझूआच्या खणात आहे, शेवटच्या चौकटीवर काट घेऊन. अटी लिहिणाऱ्यांनो, निनावी जागेसाठी एखादी ओळ कोरी ठेवत जा.

परवा तिने न्याचूकाकांना फोन केला. “काका, चौथ्यांदा कौल मिळाला होता ना?”



“उशीर झाला होता, पोरी. लोक खोळंबले होते,” काका एवढेच म्हणाले.