पूजेतली सीडी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंदिरानगरच्या त्या गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांवर एकाएकी संकटं कोसळली. एकाची सासू अत्यवस्थ झाली. दुसऱ्याच्या गावाला ऐन नवरात्रात लग्न निघालं. तिसऱ्याने 'रंगकाम चालू आहे' अशी पाटी लावली, आणि आत औषधालासुद्धा ब्रश नव्हता. खरं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. दसरा उलटला की तपासणीवाले येणार होते. चोरीचं सॉफ्टवेअर सापडेल त्याचे कॉम्प्युटर ते उचलून नेणार होते, आणि चोरीचं नाही असा क्लास गल्लीत एकही नव्हता.

शटर उघडं होतं ते फक्त योगिनीचं. ते बघून दीपक आत आला. निम्म्या गल्लीला कॉम्प्युटर जोडून देणारा हाच, आणि त्यात चोरीचा माल भरून देणाराही हाच.

"मॅडम, शटर पाडा आणि चार दिवस गावाला जाऊन या. वातावरण निवळलं की मी आहेच."

"गेल्या वर्षी पाडलं होतं. यंदा नाही पाडणार," योगिनी म्हणाली.

गेल्या वर्षी दिवे घालवून ती मुलांना घेऊन आत बसली होती. कुणीतरी शटर वाजवलं तेव्हा एक मुलगी खोकायला लागली, तर योगिनीने तिच्या तोंडावर हात दाबला. बाहेर होता पेपरवाला. पण त्या मुलीने नंतर तिच्याकडे जसं पाहिलं, ते योगिनी वर्षभर विसरली नव्हती. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवून आईबापांनी शिकवलं, ते काय आपल्याच गाळ्यात चोरासारखं बसायला?

तिने टेबलावरची सीडी उचलून दीपकला दाखवली. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी. घरच्या मशीनवर तिने महिनाभर ती चालवून पाहिली होती. पत्र लिहा, हिशेब मांडा, फोटो सुधारा, इंटरनेट बघा, सगळं त्यात होतं आणि सगळं राजरोस फुकट होतं. आठही मशीन पुसून ती हेच घालणार होती.

दीपक हसला. "फुकट ते पौष्टिक म्हणून काहीही खायचं का मॅडम? पोरं पळून जातील. आणि वर शटर उघडं ठेवायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण!"

"कर नाही त्याला डर कशाला?"

"कर तर अजून आहे," पडद्यावरच्या चोरीच्या सॉफ्टवेअरकडे बोट करून दीपक म्हणाला. ते मात्र खरं होतं.

"उद्या नसेल," योगिनी म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी ती गाळ्यावर पोचली, तर शटर आधीच वर होतं. चंद्रभागाबाई, तिची आई, मळ्यातून झेंडूची पाटी घेऊन भल्या पहाटेच आली होती. त्यांच्या घरात दसऱ्याला विळे, कुदळी, फवारणीचा पंपसुद्धा धुऊन पुजायचे आणि पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, अशी रीत. लेकीची अवजारं तिने तशीच पुजली होती. प्रत्येक कॉम्प्युटरला माळ, प्रत्येक माउसवर फूल. आणि मधोमध विड्याच्या पानावर, चकाकती बाजू वर करून, ती सीडी. तिच्यावर हळदकुंकवाचा ओला, जाड लेप.

"आई! हे काय केलंस?"

"पूजा केली. तूच म्हनली व्हती ना, समदा जीव या ताटलीत हे. मंग तिला दोन बोटं जास्त लावली."

योगिनीने वरवर पुसून सीडी मशीनमध्ये घातली. मशीनने घरघर केली, दम खाल्ला, पुन्हा घरघर केली आणि सीडी वाचता येत नाही म्हणून सांगितलं. लिनक्सची दुसरी सीडी नव्हती, आणि सणाच्या दिवशी कुठून मिळणारही नव्हती. ती सीडी घेऊन नळाकडे निघाली तशी आई आडवी आली.

"पुजलेलं अवजार आज धुवू नाय, चालवू बी नाय. उद्या काय करायचं ते कर."

"उद्या ते लोक येतील. आज नाही चालवलं तर उद्यापासून चालवायला काही उरणार नाही. का पुन्हा अंधारात जाऊन बसू?"

गेल्या वर्षी त्या रात्री लेक जेवली नव्हती, हे चंद्रभागाबाईला आठवत होतं. मग तिनेच हात पुढे केला.

"दे इकडं. दसरा हे. सीमोल्लंघन आज नाय तर कधी करायचं?"

तिने सीडी धुतली आणि जुन्या लुगड्याच्या मऊ पदराने पुसायला घेतली.

"गोल नको पुसू, मधून बाहेर."

"मला पुसायला शिकवती!" आई म्हणाली, पण मधून बाहेर पुसलं.

सीडी चालली. एकेक मशीन पुसलं जात होतं, माळ तशीच गळ्यात. क्लासच्या जोडीला आपण जुळवलेल्या साऱ्या लग्नपत्रिकाही या पुसण्यात जाणार, चोरीच्या सॉफ्टवेअरशिवाय त्या पुन्हा कधी उघडणार नाहीत, हे योगिनीला माहीत होतं. लग्नसराईचं निम्मं काम त्यावर चालायचं. तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिने पुढचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दोघे तपासणीवाले आले. थोरल्या साहेबांनी सगळी मशीन उघडून पाहिली. ओळखीचं काहीच सापडेना तसा त्यांचा चेहरा पडत चालला. दारात दीपक उभा राहून मजा बघत होता.

"याचं बिल दाखवा," साहेब म्हणाले.

"फुकट आहे साहेब. फुकटचं बिल कोण फाडतं?"

"सीडी किती?"

"एकच."

"आणि मशीन आठ!" साहेब खुलले. "म्हणजे कॉपी केलीत. कबूल?"

"कबूल."

योगिनीने पडद्यावर परवाना उघडून दिला. कुणीही वापरावं, कुणीही कॉपी करावी, कुणालाही वाटावी, असं त्यात चक्क लिहिलेलं होतं. साहेबांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"असं कोण वाटतं हो?"

योगिनीने कोरी सीडी काढून मशीनमध्ये सरकवली.

"हे काय करताय?"

"कॉपी. तुमच्या डोळ्यांदेखत. लिहून घ्या."

मशीनने तयार सीडी बाहेर दिली तेव्हा कोपऱ्यातून, रात्री मुक्कामाला राहिलेल्या आईने आपट्याचं पान पुढे केलं. योगिनीने ते गरम सीडीवर ठेवलं आणि साहेबांपुढे धरलं.

"काल दसरा झाला. सोनं घ्या साहेब."

सोनं नाकारायची रीत नाही. साहेबांनी दोन्ही हातांनी घेतलं, आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

दीपक दारातच घुटमळला. "मॅडम, एक मला पण."

"देते की, हवी तेवढी. पण आधी गल्लीत सांगून या, शटर उघडा म्हणावं."

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीतसुद्धा योगिनीने शटर खाली ओढलं नाही.