घरचं पाणी

वर्गात शालनबाईंनी टेबलावरची खडूची भुकटी पुसली, पुन्हा पुसली. बाहेर दापोडीच्या रेल्वे फाटकाशी अडकलेले ट्रक भोंगे वाजवत होते. भीमराज कंपनीतल्या पहिल्या पाळीवरून तसाच आला होता. शेजारी त्याची चौथीतली लेक कस्तुरा उभी होती. फ्रॉक चिंब, कोपर सोललेलं.

त्याने एवढंच विचारलं होतं, "पिंप कुणी ओतलं, बाई?"

महिनाभर हेच चाललं होतं. व्हरांड्यातल्या पिंपातून कस्तुरा प्याली, की बाकीच्या मुली तोंडातलं पाणी थुंकून टाकीत. म्हणून ती शेवटी जाई. आज मात्र तिने सगळ्यांआधी पेला बुडवला. तेव्हा चौघी-पाचजणींनी तिला खाली पाडून अख्खं पिंप तिच्यावर पालथं केलं. बहात्तरच्या त्या दुष्काळात, नळाला दिवसाआड पाणी असताना. आत्ताही दाराआडून कुणी सुरात म्हणालं, "कस्तुरा प्याली, पिंप बाटलं!" आणि दबकं हसू भिंतीलगत पळत गेलं.

"लेकरंच ती," शालनबाई अखेर म्हणाल्या. "घरात ऐकतात ते बोलतात. मी कुणाकुणाचं तोंड धरू, भीमराजभाऊ?"

"एकीला तरी विचारलंत का?"

बाईंनी नजर खाली वळवली. मग आवाज मऊ केला. "पोर हुशार आहे. स्कॉलरशिपला बसवतेय मी तिला. उगाच तिचं वर्ष नासायला नको. घरून पाणी देत जा तिला. तंटाच मिटला."

कस्तुराने मान वर केली. बाबा आता काय म्हणणार, हे तिला पाठ होतं. कंपनीच्या कँटीनमध्ये 'त्यांचे' कप निराळ्या फळीवर असत, तेव्हा भीमराज सगळ्यांदेखत इतरांच्या फळीवरचा कप उचलून चहा प्याला होता. आठ दिवस बिनपगारी घरी बसला, पण ती निराळी फळी काढायला लावूनच थांबला. ही गोष्ट कस्तुरा पुन्हा पुन्हा मागून ऐके. त्या गोष्टीच्याच बळावर आज तिने पेला बुडवला होता.

भीमराजच्या ओठांवर शब्द आले. पण कंपनीत पणाला लागला होता तो त्याचा स्वतःचा पगार. इथे पोरीचं वर्ष होतं, आणि ते बाईंच्या हातात होतं. धाडस आतल्या आत विझलं, ओल्या लाकडासारखं, नुसता धूर करून.

"बरं, बाई," तो म्हणाला. "उद्यापासून घरचं पाणी." आणि नको असताना त्याचे हात जोडले गेले.

रस्त्यावर येताच तो भराभर बोलू लागला. "स्टीलची बरणी करतो तुला. कंपनीत, माझ्या हातानं. आट्यांचं झाकण. साऱ्या शाळेत तशी कुणाकडं नसेल. काय?"

कस्तुरा त्याच्याकडे बघत राहिली. वाट चुकलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी.

"तुझ्याचसाठी केलं ना मी? सांग की, बाळा."

तिने त्याच्या खांद्यावरून आपलं दप्तर काढून घेतलं आणि ओल्या फ्रॉकनिशी ती फाटकाकडे चालू लागली.