गार इंजिनाची चाचणी

कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे फिटरसुद्धा. सख्खा थोरला भाऊ मात्र चिडला की ‘इंजिनवाली’ म्हणायचा. वडिलांमागे कारखान्याचा व्यवहार दादाकडे आला आणि यंत्रांचं डोकं ताईकडे. कमी इंधन पिणारं, कमी धूर ओकणारं मोटारीचं इंजिन ती घडवत होती. सरकारने त्यासाठी मदत दिली होती. त्या मदतीवरच कारखाना तग धरून होता. पुढची मदत चाचणीवर अवलंबून होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी दादा शेडमध्ये आला.

“सकाळी जरा आधी चालू करून ठेव. गरम इंजिन साफ चालतं, नाही का?”

“चालतं. पण गार इंजिनच सगळ्यात जास्त घाण सोडतं. धूर गाळणारी जाळी तापेपर्यंत कामच करत नाही. लोक सकाळी गाडी काढतात ती गारच असते, म्हणून नियमही गारचाच आहे.”

“अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची!”

“मूठ लोकांच्या पैशाने वळलीये, दादा. उघडून दाखवावीच लागेल.”

दादा पाय आपटत निघून गेला.

सकाळी तपासणी अधिकारी बाई दोन सहकाऱ्यांसह आल्या. दादा हात चोळत पुढे पुढे करत होता. बाईंच्या माणसाने धूर मोजणारी नळी जोडायला घेतली, तशी ताईने सवयीने इंजिनावर हात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दादाकडे पाहिलं. दादा छपराकडे पाहत होता.

“थांबा,” ती म्हणाली. “चाचणी होणार नाही. इंजिन गरम आहे.”

“ताई!” दादा दबक्या आवाजात ओरडला.

“कोणी चालू केलं?” बाईंनी विचारलं.

“आमच्याच घरातल्या माणसाने. काय लिहायचं ते लिहा. पण उद्या या. इंजिन रात्रभर गार होऊ दे, मग खरं काय ते बघा.”

रात्रभर शेडला बाईंचं कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी खरं काय ते दिसलं: धूर मर्यादेच्या बाहेर. मदत थांबली. बाईंनी एवढंच सांगितलं की तयारी झाली की पुन्हा अर्ज करा, वाट बंद नाही.

घरी दादाने अबोला धरला. ताटावर बसला की म्हणायचा, “तिला विचार, भाजी हवी का.” वहिनी दोघांच्या मध्ये बसलेली. शेवटी ती कातावली. “मी काय टपालखातं आहे? खोटं तू केलंस आणि रुसलायसही तूच!”

दादा ताट सारून उठला. पण दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन स्टुलावर बसला. ताई जाळी इंजिनाला अगदी चिकटवून बसवत होती, म्हणजे ती लवकर तापेल. जागा पुरत नव्हती. तिसऱ्यांदा नळी वाकवताना ताईने न बघताच हात पुढे केला, तर दादाने पाना दिला.

“यानेही नाही जमलं तर?” त्याने विचारलं.

“तर पुन्हा करीन. हरले तर खऱ्यात हरेन.”

थंडी पडल्यावर बाई पुन्हा आल्या. इंजिन गारढोण होतं. चालू झालं, खोकलं, मग लयीत आलं. आकडे बघून बाईंनी मान डोलावली. धूर मर्यादेत होता. मदत पुन्हा सुरू होणार होती.

“आणि इंधन? कबूल केलं होतं तेवढं वाचतंय?”

ताई तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, “नाही वाचत. कमी पडतंय अजून. तसंच लिहा.”

ताई त्याच्याकडे बघतच राहिली.

“बघतेस काय, इंजिनवाली? पाहुण्यांना चहा सांग.”

“तूच सांग,” बाह्या सारत ती म्हणाली. “मला इंजिन उघडायचंय.”